माझ्या संशोधनाचा परिणाम झालेला माणूस

कोयनानगरला अधिकाऱ्यांच्या एका शिबिरात मी ‘संकटकाळातील नेतृत्व’ या विषयावर बोलत होते. ‘खरा नेता सर्वांत शेवटी बाहेर पडतो’ हे वाक्य संपवलं, घोटभर पाणी प्यावं म्हणून ग्लास उचलला, तर पाणीच हललं. मग टेबल हललं, मग खिडक्यांच्या काचा वाजल्या. मधलं मला काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी बाहेर अंगणात उभी होते, हातात ग्लास तसाच होता आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. सगळे अधिकारी आत आपापल्या खुर्च्यांवर बसून होते. धरणाच्या वसाहतीतली माणसं ती, त्यांना असल्या धक्क्यांचं काय कौतुक. दारातला शिपाई म्हणाला, “या मॅडम आत. एवढासाच हुता. तुमचं ते शेवटी बाहेर पडायचं चाललं हुतं बघा, तिथनं फुडं घ्या.”

मी आत गेले आणि तिथून पुढे घेतलं. मानधनही घेतलं.

माझा धंदा हा असा होता. सांगलीत विश्रामबागेतल्या एका व्यवस्थापन संस्थेत मी ‘व्यावसायिक नीतिमत्ता आणि नेतृत्व’ हा विषय शिकवत असे. धंदा करताना माणसानं कसं वागावं, हे धंदा न केलेल्या बाईनं, धंदा करणार असलेल्या पोरांना सांगायचं. सोबत संशोधनही करायचं. या संशोधनाबद्दल बाहेरच्यांना फार आदर असतो, म्हणून ते कसं चालतं ते सांगून टाकते. आधी एक प्रश्नावली करायची. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं: ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. मग कारखान्यांत, शेडवर, कार्यालयांत जाऊन ती भरून घ्यायची. लोक आपण कसे वागतो ते लिहीत नाहीत, कसं वागावं असं समोरच्या बाईला वाटतं ते लिहितात. आम्हाला ते ठाऊक असतं. आम्ही त्यावर शेवटच्या प्रकरणात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद टाकतो आणि बाकीच्या पानांत ते विसरून जातो. मग त्याचा लेख होतो. तो लेख दुसऱ्या कुणीतरी आपल्या लेखात कंसात उल्लेखला की तुमच्या नावावर एक उद्धरण जमा. माझी उद्धरणं बरी होती. त्यातली काही मीच माझी दिली होती, बरीचशी माझ्याच सहीसाठी खोळंबलेल्या विद्यार्थ्यांनी दिली होती, आणि एक परदेशातून आलं होतं. त्यात माझं नाव चौदा जणांच्या रांगेत होतं आणि आडनाव चुकलं होतं. तरी मी तो लेख घरी सगळ्यांना दाखवला.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना संस्थेत मूल्यांकन समिती येणार असं ठरलं. ही बाहेरगावची तीन विद्वान माणसं. ती येतात, फायली बघतात, जेवतात आणि संस्थेला दर्जा देऊन जातात. या खेपेला फायलीत एक नवा रकाना होता: ‘संशोधनाचा समाजावर झालेला प्रभाव, पुराव्यासह.’

संचालक सरांनी मला बोलावून घेतलं. सर तसे सज्जन, पण समिती म्हटली की त्यांचा आवाज चिरका व्हायचा.

“मॅडम, हा रकाना तुम्हीच भरायचा.”

“मीच का?”

“तुमचा विषय नीतिमत्ता. समाजावर चांगला परिणाम तुमचाच व्हायला पाहिजे. मार्केटिंगवाल्यांचा परिणाम समाज रोज भोगतोच आहे, तो काय दाखवायचा?”

“पण सर, माझा कुणावर परिणाम झाल्याचं मला तरी ठाऊक नाही.”

“नसेल तर पत्र आणा. ज्यांच्याकडे फॉर्म भरून घेतले त्यांचं. मजकूर ऑफिसात टाईप करून ठेवलाय. फक्त सही आणि शिक्का.”

मजकूर मी वाचला. ‘डॉ. सुनंदा माने यांच्या संशोधनामुळे आमच्या उद्योगात मूल्याधिष्ठित नेतृत्वाची रुजवणूक झाली असून कामगारवर्गात समाधानाचे वातावरण आहे.’ खाली सहीची जागा. वाचून मला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

मी कवठे महांकाळला गेले. त्या भागात द्राक्षं वाळवून बेदाणा करतात. पीएच.डी.च्या वेळी मी तिथल्या बेदाण्याच्या शेडवर फॉर्म भरून घेतले होते. त्यातली सगळ्यात मोठी शेड आबासाहेबांची. आबासाहेब आमच्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर होते आणि संस्थेनं त्यांना ‘नैतिक उद्योजक’ म्हणून पुरस्कारही दिला होता. त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर ते मानपत्र दिसलं, चांगलं सोनेरी चौकटीत. ‘कामगाराचा शब्द प्रमाण मानणारे नेतृत्व.’ वाक्य ओळखीचं वाटलं. माझंच होतं. पुरस्काराच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा खाता खाता लिहिलेलं. शेडवर जाऊन कुणाला विचारलं नव्हतं.

आबासाहेबांनी पत्र न वाचताच सही केली.

“वाचा तरी,” मी म्हटलं.

“आवं, तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल. तुमच्यावर इस्वास हाय मॅडम.” त्यांनी शिक्का मारला, चहा मागवला आणि जाताना बेदाण्याचं एक खोकं हातात दिलं.

काम झालं होतं. मी तिथूनच स्टँड गाठला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण समितीला म्हणे एका कामगाराचंही पत्र लागणार होतं. मला एकच नाव आठवत होतं, दस्तगीर. निवडणाऱ्या बायकांवरचा सुपरवायझर, चाळिशीचा, अक्षर सुरेख. माझा पहिला फॉर्म त्यानंच भरला होता आणि बाकीच्यांना समजावून दिला होता. मी त्याची चौकशी केली.

“त्यो व्हय,” आबासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. “गेला सोडून. हल्ली मान्सं टिकत न्हाईत.”

फाटकावरच्या रखवालदारानं मात्र दस्तगीरचं नाव काढताच पत्ता सांगितला. मशिदीच्या मागची गल्ली, निळं दार. वर म्हणाला, “जावा, पर घरात त्याची बायकू आसंल. जरा दमानं.”

निळ्या दाराच्या उंबऱ्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. ही दस्तगीरची बायको, रेहाना. मी नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं, पूर्वी इथे येऊन गेल्याचं सांगितलं. तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली.

“तुमीच व्हय त्या फारमवाल्या बाई?”

मी हो म्हटलं. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी बहुधा हसू होतं. कुणीतरी इतक्या वर्षांनी ओळखलं म्हणून.

“मग आत्ता कशाला आलासा? माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तवा कुटं हुतासा?”

मला काही कळेना. ती उठली, मला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. पाहुण्याची रीत एका हातानं आणि उद्धार दुसऱ्या हातानं. तिच्या बोलण्यातून मला जे समजलं ते असं: माझा फॉर्म भरल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी आबासाहेबांच्या शेडमध्ये गेल्या हंगामाचा माल बराच शिल्लक राहिला. जुना बेदाणा काळवंडतो, त्याला भाव येत नाही. आबासाहेबांनी दस्तगीरला सांगितलं, तो माल नव्यात मिसळ आणि पेट्यांवर नव्या हंगामाचे स्टिकर लाव. दस्तगीर नाही म्हणाला. आबासाहेबांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

“पण यात माझा…” मी म्हणायला गेले.

“तुमचाच! मी तेस्नी म्हनलं, आवं, समदी करत्यात, लावा की स्टिकर. तर म्हनले, न्हाई, मी बाईस्नी लिवून दिलंय.”

तेवढ्यात बाहेर टमटम थांबली आणि दस्तगीर आत आला. नोकरी गेल्यापासून तो कवठे ते आसपासच्या वाड्यावस्त्या अशी टमटम चालवत होता. केस पिकले होते. मला बघून त्याला आनंद झाला, खराखुरा आनंद. बायकोला म्हणाला, “बघ, मी म्हनत हुतो का न्हाई, येनार म्हून?”

मी त्याला विचारलं, काय लिहून दिलं होतं?

“ते न्हवं का, अठरा नंबरचा सवाल. वरिष्ठानं चुकीचं काम सांगितलं तर मी नकार देईन. मी पयल्या घरात टिक केली. पूर्ण सहमत.”

“मग तुम्ही खरंच तसे आहात, दस्तगीर. फार थोडी माणसं…”

“कशाचं मॅडम,” तो हसला. “खोटं लिवलं हुतं मी. तुमी समोर बसलावता. शिकली-सवरली बाई, लांबनं आलेली, तिच्याम्होरं काय ‘मालक सांगंल ते करीन’ म्हून लिवू? लाज वाटली. केली टिक.”

“मग प्रत्यक्षात नकार का दिला?”

“तुमी म्हनलावता, वरसाभरानं परत येनार. दुसरा फारम घेऊन. पयल्यात लिवलं तसं मानूस वागला का न्हाई ते बघायला. मालक स्टिकर लाव म्हनले आन माझ्या डोक्यात तेच. आता ही बाई येनार, फारम म्होरं धरनार, मी काय सांगू? वर माजी सही हाय. मग म्हनलं न्हाई. भ्यालो हुतो लय. पर म्हनलं.”

वाचकहो, मी खरंच तसं म्हणाले होते. प्रबंधाच्या आराखड्यात ‘दुसरी फेरी’ होती. पण पहिल्या फेरीवरच मार्गदर्शक सर खूश झाले, पदवी मिळाली, पेढे वाटले. दुसऱ्या फेरीसाठी परत कवठ्याला कोण जातो? मी प्रबंधात एक ओळ घातली, ‘भविष्यातील संशोधनास वाव आहे.’ इकडे एक माणूस त्या वावाची वाट बघत नोकरी घालवून बसला होता.

मी त्याला हे सांगितलं. सांगायलाच हवं होतं. दस्तगीरनं विचारलं,

“म्हंजी तुमी येनारच न्हवता?”

“नाही.”

रेहाना कपाळावर हात मारून घेईल असं मला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं, आणि आत चहा टाकायला गेली. तो चहा मी कसा प्यायले ते मला विचारू नका.

दस्तगीरनं मला टमटमनं स्टँडवर सोडलं. वाटेत त्यानं सांगितलं, की दुसऱ्या शेडवाल्यांनीही त्याला घेतलं नाही. हा ‘न्हाई’ म्हणणारा माणूस, अशी ख्याती झाली होती. पर्समध्ये आबासाहेबांच्या सहीचं पत्र होतं आणि मांडीवर बेदाण्याचं खोकं. ते खोकं मी टमटममध्ये विसरले असं म्हणते मी. खरं म्हणजे मुद्दाम ठेवलं, आणि मग लक्षात आलं, की त्या घरी नेमकं तेच नको असणार.

दुसऱ्या दिवशी मी संचालक सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पत्र आणलंय ना?”

आणि मी ते पत्र दिलं. इथे मला स्वतःबद्दल काहीतरी बरं लिहिता आलं असतं, पण मी दिलं. सरांना नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून ‘हो सर’ बाहेर आलं. अठरा नंबरचा प्रश्न मी शेकडो लोकांपुढे ठेवला होता, स्वतः कधी सोडवला नव्हता.

समितीच्या दिवशी आम्ही सगळे नव्या साड्यांत आणि कोटांत. अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ वयस्कर, मऊ बोलणारे. फायल चाळता चाळता त्यांनी नेमकं ते पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. ‘मूल्याधिष्ठित नेतृत्वाची रुजवणूक.’ “व्वा,” ते म्हणाले, “असं प्रत्यक्ष परिणाम झालेलं संशोधन क्वचित बघायला मिळतं. मॅडम, दोन शब्द सांगा ना याबद्दल.”

मी उभी राहिले. भाषण तयार होतं, सरांनीच दिलेलं. मला समोर ती निळ्या दाराची खोली दिसत होती, आणि दस्तगीरचं ते ‘म्हंजी तुमी येनारच न्हवता?’ मीही भ्याले होते. कोयनानगरला भ्याले होते त्याहून जास्त.

“सर, ते पत्र आमच्याच ऑफिसात टाईप झालंय,” मी म्हटलं. “सही करणाऱ्यानं ते वाचलेलं नाही. माझ्या संशोधनाचा परिणाम झालेला एकच माणूस मला ठाऊक आहे. त्याची नोकरी गेली.”

आणि सगळं सांगितलं. आबासाहेबांचं नाव मी घेतलं नाही, पण पत्रावर शिक्का होताच. संचालक सर पंख्याकडे बघत होते. उद्धरणं मोजणारे आमचे एक सहकारी एकदम खोकायला लागले.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“या माणसाचा काही कागद आहे?”

“नाही.”

“मग रकान्यात काय लिहायचं?”

ते खरोखरच अडचणीत पडले होते. शेवटी त्यांनी रकाना कोरा ठेवला आणि मंडळी जेवायला गेली. जेवणात शिरा होता, वर आबासाहेबांनी संस्थेला पाठवलेले बेदाणे.

संस्थेचा दर्जा थोडा घसरला. सर मला म्हणाले, “मॅडम, चार महिने राहिले होते हो. चार महिने गप्प बसवलं नाही?” आबासाहेबांनी सल्लागार मंडळ सोडलं. माझ्या निरोपसमारंभात मला शाल मिळाली, भाषण कुणी केलं नाही. मी मनातून मात्र फुगले होते. आयुष्यात एकदा तरी मी आपला विषय वागून दाखवला, असं मला वाटत होतं. त्या फुग्यासकट मी कवठ्याला जाऊन हे सगळं दस्तगीर आणि रेहानाला सांगितलं.

रेहानानं नीट ऐकलं. मग विचारलं, “तुमची पेन्शन थांबली का?”

“नाही.”

“मग तुमचं काय गेलं?”

तिनं दस्तगीरकडे हात केला.

“आन ह्यांचं काय आलं?”

समितीनं मला असा एकही प्रश्न विचारला नव्हता. घरी येऊन मी विद्यार्थ्यांची यादी काढली. इतकी वर्षं शिकवलेली पोरं सांगली, मिरज, तासगाव, साताऱ्यापर्यंत पसरली होती. कुणाची शीतगृहं, कुणाचे कारखाने, कुणाची मार्केट यार्डात अडत. त्यातले माझ्या विषयात पहिल्या वर्गात आलेले निवडले आणि एकेकाला फोन केला. मॅडम, तुम्ही! कशा आहात मॅडम! सगळे फार प्रेमानं बोलले. मी सांगितलं, एक माणूस आहे, बेदाण्यातला जाणकार, प्रामाणिक, खोटा स्टिकर लावायला नकार दिला म्हणून नोकरी गेली.

आणि प्रत्येकाचा आवाज जरासा लांब गेला.

“माणूस चांगलाच असणार मॅडम, पण सध्या जागा नाही.” “मॅडम, तसा माणूस टीममध्ये अवघड जातो.” एकानं, जो माझ्या विषयात विद्यापीठात पहिला आला होता, मला सांगितलं, “त्यांना थोडं परिस्थितीसापेक्ष व्हायला सांगा.” तो शब्द त्याला मीच शिकवला होता. उत्तरपत्रिकेत त्यानं तो तीनदा वापरला होता आणि मी तिन्ही वेळा गुण दिले होते. दिवसभर मी फोन लावत होते. संध्याकाळी फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, हाच माझा प्रभाव. पुराव्यासह.

आठवड्यानं मार्केट यार्डात धनाजी भेटला. धनाजी माझ्या विषयात दोनदा नापास झालेला. ‘नैतिक नेतृत्वाची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाखाली त्यानं ‘आठवत नाही’ एवढंच लिहिलं होतं आणि पेपर देऊन निघून गेला होता. तीन पानं काहीही खरडली असती तरी मी त्याला पास केलं असतं. आता तासगावच्या बाजूला त्याचं शीतगृह होतं. त्याला मी काही सांगणारच नव्हते, पण त्यानं विचारलं, मॅडम, तोंड का उतरलंय? म्हणून सांगितलं.

“मालातलं कळतं का त्याला?” धनाजीनं विचारलं.

“फार चांगलं.”

“मग द्या की पाठवून. माझ्याकडं हायेत ती समदी मला व्हय व्हय म्हणत्यात. माल खराब निघतोय तरी व्हय म्हणत्यात. परवा एक आख्खी खोली वास मारत हुती, कुणी सांगितलं न्हाई.”

“तो तुलाही नाही म्हणेल, धनाजी.”

“म्हणू दे की. बघू.”

दस्तगीर गेला. जायच्या आधी मला फोन करून त्यानं विचारलं, “तुमी येनार का बघायला?” मी म्हटलं, नाही, आता मी निवृत्त झाले. तो म्हणाला, “बरं झालं. जरा मोकळं वाटंल.”

दीड महिना काही कळलं नाही. मग एका दुपारी धनाजीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, एकदम सुरुवात.

“मॅडम, तुमचा मानूस डोक्यावर बसलाय माझ्या!”

“काय झालं?”

“ट्रक भरायचाय, गिऱ्हाईक मद्रासला वाट बघतंय, आन ह्यो म्हणतोय पेट्या ओल्या हायेत, जानार न्हाई माल. मी म्हनलं, मालक मी हाय. तर जाऊन पेट्यांवर बसलाय. उठतच न्हाई.”

“ओल्या आहेत का पेट्या?”

पलीकडे शीतगृहाचं यंत्र माशीसारखं घोंगावत होतं.

“हायेत,” धनाजी म्हणाला.

“मग तू काय केलंस?”

“काय करणार मॅडम? मीबी बसलोय शेजारी.”

“आणि ट्रकवाला?”

“त्योबी बसलाय. च्या मागवलाय.”